उद्या घाणा बंद, तेल आजच न्या

वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

या अंकासाठी चार पत्रं निवडली आहेत. लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, पण चौघांना एकाच गोष्टीची धास्ती आहे: आपलं बेने इस्रायलपण, म्हणजे आपण कोकणातले मराठी ज्यू आहोत हे, आपल्यापाशी किती दिवस टिकेल? ठाण्याच्या ताईंना मी सगळ्यांत जास्त जागा दिली आहे. त्यांनी जे विचारलं त्यात मी स्वतः अनेक वर्षं अडकले होते.

पत्र पहिलं

बाई, शालोम. आम्ही ठाण्याला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. वर्गात तो एकटाच बेने इस्रायल. परवा त्याच्या मित्राच्या आईनं मला विचारलं, "ख्रिसमसचा केक तुम्ही घरीच करता का?" तेव्हा कळलं की हा सगळ्यांना आपण ख्रिश्चन असल्याचं सांगतो. विचारलं तर म्हणाला, "ते लगेच समजतं गं आई. ज्यू म्हटलं की दहा प्रश्न विचारतात." मिस्टर म्हणतात, सोडून दे, मोठा झाला की कळेल. 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून त्यांचं मत आहे की आपण कोण हे चारचौघांत सांगू नये. नव्या फ्लॅटला मेझुझासुद्धा (दाराच्या चौकटीवरची धर्मवचनांची डबी) आतल्या बाजूनं लावू म्हणतात. शनिवार आपला शब्बाथ, विसाव्याचा दिवस, पण त्याच दिवशी मुलाचा अबॅकसचा क्लास असतो आणि क्रिकेटचं कोचिंग. मी एकटीनंच शब्बाथ, शब्बाथ करत राहायचं का? जबरदस्ती केली आणि त्याला धर्माचाच तिटकारा आला तर?

*एक आई, ठाणे*

ताई, मुलाला रागावू नका. दहा प्रश्नांची उत्तरं त्याच्याजवळ नव्हती म्हणून त्यानं जवळची वाट धरली. उत्तरं देणं आपलं काम होतं, ते आपल्याकडून राहिलं.

माझ्या आजीची गोष्ट सांगते. कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हा आताच्या रायगडाला. अलिबागजवळच्या आमच्या गावात आजोबांचा तेलाचा घाणा होता. शुक्रवारी दुपारी आजी ओटीवर उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "उद्या घाणा बंद, तेल आजच न्या." असं वर्षानुवर्षं. पुढे पुढे सांगावं लागेना. शनिवारी परगावचा कुणी बुधला घेऊन आलाच, तर शेजारची आगरी बाई त्याला वाटेतच अडवायची: "आज शनवार, आज तेली बैल जुंपत नाही." आजी म्हणायची, आपला शब्बाथ अर्धा आपण पाळला, अर्धा गावानं पाळला.

हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ कळायला मात्र निम्मं आयुष्य गेलं.

आपल्याला 'शनवार तेली' म्हणत, हे तुम्हाला माहीत असेल. आपल्यातल्या काही शिकलेल्या मंडळींना त्या नावाचा कमीपणा वाटायचा, विशेषतः 'तेली' या शब्दाचा. मला ते नाव फार मोलाचं वाटतं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आपली परंपरागत हकिगत. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषा विसरली. विचारायला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही. पुढच्या शतकांत त्यांनी इथलं काय घेतलं नाही? भाषा मराठी, लुगडं इथलं, हिरव्या बांगड्या आणि मंगळसूत्र इथलं. शमुवेलचा समाजी झाला, अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी. आडनावं गावांवरून: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. सणांचीसुद्धा नावं मराठी. रोश हशाना (नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून आत उपासाला बसायचं. तिशा बेआवला, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाच्या दिवशी, बिरडं शिजायचं म्हणून तो बिरड्याचा सण.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं पार मिसळून गेली. राहिलं होतं मोजकंच. 'देव एकच' असं सांगणाऱ्या शेमा प्रार्थनेचं एक वाक्य, मुलांची सुंता, काही सण आणि उपास, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवार. बाहेरून दावीद राहाबी नावाचे ज्यू आले तेव्हा त्यांनी बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि बायकांनी खवले आणि पर असलेलेच शिजवायला उचलले, तेव्हा ही माणसं ज्यूच आहेत अशी त्यांची खात्री पटली, असं सांगतात. त्या बायकांना तोरातलं, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातलं, वचन वाचता आलं नसतं. हात मात्र बरोबर माशाकडे गेले. पण मासा निवडणं चुलीपाशी होतं, सुंता घरात होते, शेमा ओठांत म्हणता येतो. शनिवार तेवढा रस्त्यावरून दिसायचा. घाणा थांबला की आवाज थांबायचा आणि गावाला कळायचं. गावानं आपल्याला नाव दिलं ते त्या थांबण्यावरून.

आता माझं सांगते. 1968 साली मी अकरावी मॅट्रिकला होते. एक पेपर शनिवारी आला. वडील म्हणाले, तू ठरव. मी पेपर लिहिला. घरी कुणी रागावलं नाही, मार्कही चांगले पडले. पण परीक्षागृहात माझ्या पुढे-मागे बसलेल्या मुलींपैकी एकीलाही मी सांगितलं नव्हतं की आज लिहिणं मला जड जातंय. पुढे शिक्षिका झाले. आपल्याकडे शनिवारची सकाळची शाळा. सहा वर्षं मी शनिवारी हातात खडू धरला आणि घरी येऊन गप्प बसले. नोकरी आहे, लहान गाव आहे, उगाच कशाला वेगळेपणा, असं मनाला समजावायची. सातव्या वर्षी धीर करून मुख्याध्यापकांकडे गेले. आमचा शनिवार असा असा असतो, असं सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अहो बाई, सहा वर्षं का नाही बोललात?" शिष्यवृत्तीचे जादा तास रविवारी असत आणि रविवारी यायला कुणी तयार नसायचं. ते तास मी घेतले, माझे शनिवारचे तास दोन सहकाऱ्यांनी वाटून घेतले. निवृत्त होईपर्यंत ही व्यवस्था चालली. पुढे नवे शिक्षक आले की शिपाईमामाच त्यांना सांगायचे, शनिवारी बाई नसतात.

प्रत्येक ठिकाणी असे मुख्याध्यापक भेटतील असं मी म्हणणार नाही. माझ्या भाचीला एका कंपनीत सरळ नकार मिळाला आणि तिनं ती नोकरी सोडली, ते नुकसान खरंच सोसावं लागलं. पण माझी सहा वर्षं नकारामुळे गेली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

तुमच्या मिस्टरांची भीती मी मनावर घेते. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथे सहा माणसं मारली गेली. त्यानंतर आपल्या मशिदींच्या दाराशी पोलीस आले. (तरुण वाचकांसाठी: आमच्या पिढीपर्यंत आपण सिनेगॉगला मशीदच म्हणत आलो. मांडवीची 1796 ची शार हरहमीम ती जुनी मशीद, आणि मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडलं असं जुनी माणसं सांगत.) म्हणून मेझुझा आतल्या बाजूला लावायची असेल तर हाजानांना, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून जरूर लावा. धोका असेल तिथे तशी मुभा फार पूर्वीपासून आहे. चौकटीवर, घरात शिरताना उजव्या हाताला, एवढं सांभाळा आणि मुलाचा हात पोहोचेल अशी लावा, म्हणजे येता-जाता तो बोटं टेकवून ओठांना लावेल. अनोळखी गर्दीत सांगू नये, इतपत सावधपणा ठीक आहे. पण वर्गातला मित्र आणि त्याच्या आईला अनोळखी गर्दी म्हणता येणार नाही. आजीच्या ओटीवरून जाणारी माणसं ती हीच.

तेव्हा पहिलं काम, मुलाला दोन वाक्यांचं उत्तर द्या. "आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. कोकणात आम्ही फार जुने आहोत आणि शनिवार आमचा सुटीचा." पुढचे आठ प्रश्न आले तर म्हणू दे, घरी ये, आई सांगेल. आणि त्या मुलांना खरंच बोलवा. घरी मलिदा, आपला नवसाचा प्रसाद, कराल तेव्हा चार मित्रांना बसवा. पोहे, ओलं खोबरं, साखर, वरून फळं, कुठल्या मुलाला आवडणार नाही? एलियाहू हनाबींचं, म्हणजे एलिया संदेष्ट्यांचं, नाव का घेतो ते तुमच्या मुलालाच सांगू दे. सांगायला मिळालं की मुलाला अभिमान वाटतो. माझा एवढ्या वर्षांचा वर्गातला अनुभव आहे हा.

दुसरं, सगळं एकदम सुरू करू नका. आधी फक्त शुक्रवारची संध्याकाळ पकडा, शब्बाथ तेव्हाच सुरू होतो. एक वर्ष ती मोडायची नाही, पाहुणे येवोत की मॅच असो. सूर्यास्ताच्या आधी दिवा लावा. आमच्याकडे काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात असायची. तुम्ही मेणबत्त्या लावत असाल तर त्या. किद्दुशला (पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाला) मनुकांचं सरबत मुलाला स्वतःला करू दे, गुरुवारी रात्री मनुका भिजत घालायचं काम त्याचं. मग बापानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा: देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखा करो. मिस्टरांना विचारा, अब्राहाम, इसहाक, याकोब सोडून या दोघांचीच नावं का? ही योसेफाची मुलं, मिसर देशात जन्मलेली. भोवती सगळं परकं, बाप फारोच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर, आजोबांचं गाव पाहिलेलं नाही. तरी आजोबांनी मांडीशी घेतलं तेव्हा ती आपलीच निघाली. ठाण्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाला याहून जवळचा आशीर्वाद मला माहीत नाही. मिस्टर अवघडतील पहिल्यांदा. तीन-चार शुक्रवार जाऊ द्या.

अबॅकस रविवारी हलवा. क्रिकेटचं वर्षभरानंतर बघू. पण कोचना आत्ताच जाऊन सांगून ठेवा की पुढच्या वर्षी शनिवार जमणार नाही, आणि का ते सांगा. तुमचा शुक्रवार तुम्ही घरात सांभाळाल, शनिवार सांभाळायला बाहेरची चार माणसं लागतात.

पत्र दुसरं

बाई, मी 29 वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. माझ्याच ऑफिसातल्या मराठी हिंदू मुलीशी लग्न करायचं आहे. तिच्या घरून होकार आहे. माझी आई म्हणते, तू लग्न केलंस की आपलं घराणं तिथेच संपलं. मुलगी म्हणते, तुझ्या धर्माला माझी काही हरकत नाही. प्रेम करणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये हा हिशेब का यावा? मी शेमा विसरणार आहे का?

*पुण्याचा वाचक*

दादा, तुम्ही शेमा विसरणार नाही. पण प्रश्न तुमच्या शेम्याचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

नियम स्पष्ट सांगते: हलाखाप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे, मूल आईकडून ज्यू ठरतं. तुमच्या होणाऱ्या पत्नीनं स्वतःच्या मनानं धर्म स्वीकारला नाही, तर तुमची मुलं हलाखाच्या दृष्टीनं ज्यू नसतील. हे मी बदलू शकत नाही आणि गोडही करून सांगणार नाही. धर्म स्वीकारायचा तर ते रब्बींच्या बेथ दिनपुढे, म्हणजे धर्मन्यायालयापुढे, होतं, तशी व्यवस्था आपल्या समाजाकडे नाही, आणि त्याला अभ्यास आणि काळ लागतो. नुसतं लग्नासाठी म्हणून कुणी ते करू नये. रूथ मवाबी होती आणि दावीद राजाची पणजी झाली, हे खरं. पण ती नवऱ्यासाठी आली नव्हती, नवरा तर वारला होता.

आता माझ्या घरचं. माझ्या धाकट्या भावानं 1979 मध्ये रजिस्टर लग्न केलं, बाहेरच्या मुलीशी. वडील गेले नाहीत. आम्हीही गेलो नाही. माझी वहिनी चांगल्या घरची, हसतमुख मुलगी होती आणि आम्ही तिला अकरा वर्षं घरात घेतलं नाही. वडील वारले तेव्हा भाऊ दारात येऊन उभा राहिला, आत यावं की नाही ते त्याला कळेना. आईनं हात धरून आत आणलं. आपल्या समाजात पूर्वी 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होता, मिश्र लग्नातून आलेल्यांशी सोयरीक करायची नाही, पंक्तीला घ्यायचं नाही. तो आपण मोडला म्हणून सांगतो. माझ्या भावाच्या बाबतीत आम्ही तोच पुन्हा केला. त्याची मला आजही लाज वाटते.

पण गोष्ट इथेच थांबत नाही. भावाची थोरली मुलगी वीस वर्षांची झाली तेव्हा माझ्याकडे आली. दर वर्षी बाबांबरोबर ती योम किप्पूरचा उपास करायची. म्हणाली, "आत्या, मला आज मशिदीत एका बाईंनी सांगितलं की मी ज्यू नाहीच. खरं का?" मी खरं तेच सांगितलं. तिनं विचारलं, "मग वीस वर्षं मला कुणी का सांगितलं नाही?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. भावाला वाटलं होतं, प्रेमात हा हिशेब नको. तो हिशेब मग पोरीनं भरला.

लग्न करू नका, असं मी लिहिणार नाही. तुम्ही 29 वर्षांचे आहात आणि आई-वडिलांनी पाठ फिरवल्यानं कुठलं घराणं टिकलेलं मी पाहिलं नाही. पण त्या मुलीला "हरकत नाही" एवढ्यावर सोडू नका. तिला बसवून विचारा: शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लागणार का? मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करायची का? मुलांना त्यांचं हलाखातलं स्थान कोण सांगणार, आणि कुठल्या वयात? आपल्यातलं कुणी गेलं तर दफन कुठे? गणपती तिच्या माहेरी बसत असतील, तिथे तुम्ही कसे वागाल? आम्ही लहानपणी शेजारी गणपतीला जायचो. आरती होईपर्यंत हात न जोडता उभे राहायचो, त्यांनाही माहीत होतं, कुणी कधी बोललं नाही. तसं आधीच बोलून ठेवता येतं. तिला आधी पेसाहच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरी आणा, आईला सांगून. या रात्री काय म्हणतो, खमीर घरातून का काढतो, ते तिनं पाहू दे. त्या रात्री वाचायचा आपला हगादा मराठी भाषांतरासह 1874 मध्ये पुण्यातच छापला होता आणि त्यात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्सा (बिनखमिराच्या भाकऱ्या) करताना काढल्या आहेत. तिला ते घर परकं वाटणार नाही. मग तिनं काय ठरवायचं ते ती ठरवेल, आणि तुम्हीही.

तुमच्या आईंना माझा निरोप द्या: लग्नाला जा. मी गेले नव्हते.

पत्र तिसरं

बाई, मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहिते. 1971 मध्ये आलो. इथे तर सगळेच ज्यू, तरी माझी नातवंडं मलिद्याच्या ताटाकडे बघून विचारतात, हे तोरात कुठे लिहिलंय? नातीच्या लग्नात हळद-मेंदी करायची तर होणारे व्याही म्हणाले, हे हिंदूंचं आहे का? मराठी तर एकालाही येत नाही. तिथे आपण ज्यू म्हणून वेगळे होतो, इथे भारतीय म्हणून वेगळे. आता हेही सोडून द्यावं का?

*एक आजी, अश्दोद*

मावशी, मुळीच सोडू नका.

1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं होतं की बेने इस्रायल कुटुंबातल्या माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावताना त्याच्या पिढ्या तपासाव्यात. आपली माणसं जेरुसलेमला रस्त्यावर बसली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. तुमच्या नातवंडांना हे माहीत आहे का? त्यांना आज जे सहज मिळतंय ते नऊवारीतल्या बायकांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी भांडून मिळवलं. तेव्हाही प्रश्न हाच होता, हे कुठे लिहिलंय.

मलिद्याबद्दल सांगा की एलियाहू हनाबींची वाट सगळेच ज्यू पाहतात. पेसाहला त्यांच्यासाठी प्याला ठेवतात, सुंतेला खुर्ची ठेवतात. आपण ताट ठेवतो. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण खडकावर आहे, अशी आपली श्रद्धा, आणि नवस फेडायला आपण तिथे जातो. हळद-मेंदी हा इथला रिवाज आहे आणि तो आपण घेतला, हे लपवायची गरज नाही. मोरोक्कोच्या ज्यूंनाही लग्नाआधी मेंदी लागते, तुमच्या व्याह्यांनी हिना पाहिली नसेल असं मला वाटत नाही! मराठीचं मात्र मला दुःख आहे. इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघतं, ते घरात ठेवा. पूर्वी आपल्यात तोरातल्या कथांची मराठी कीर्तनं होत, 1880 च्या सुमारास ती सुरू झाली. तुम्हाला त्यातली चार पदं येत असतील तर नातीच्या फोनमध्ये गाऊन ठेवा. अर्थ ती नंतर विचारेल.

पत्र चौथं

बाई, मी रायगडातल्या एका गावात राहतो, वय 81. आमच्या मशिदीची किल्ली माझ्याकडे आहे. सेफेर तोरा (तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या) सुरक्षित राहाव्यात म्हणून मुंबईला नेल्या. आता गावात बेने इस्रायलांची दोनच घरं. दर शुक्रवारी जाऊन मी दिवा लावतो आणि एकटा प्रार्थना म्हणतो. ती देवाला पोहोचते का? हेश्वान महिन्यात माझ्या पत्नीची पहिली पुण्यतिथी आहे. काद्दीश या मृतांसाठीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. शेजारचे दोघे आणि मी धरून तीन होतो. दिवाळीच्या सुटीत नातू येतो, पण तो लहान आहे. काय करावं?

*एक वाचक, रायगड*

काका, शेमा आणि अमिदा एकट्यानं म्हणता येतात, त्यात काहीही उणं नाही. काद्दीश, केदुशा आणि तोरावाचन तेवढं मिन्यानशिवाय, म्हणजे तेरा वर्षं पूर्ण झालेल्या दहा पुरुषांशिवाय, होत नाही. तुम्ही लावलेला दिवा नुसता तुमच्यापुरता आहे असं समजू नका. 1948 च्या सुमारास आपण 20,000 च्या आसपास होतो. 2011 च्या जनगणनेत सगळ्या भारतातले ज्यू मिळून 4,650 भरले. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यानं कागदावर आपली नोंद झाली. तुमच्या गावात आपली नोंद तुमच्या दिव्यानं होते. संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसतो.

पुण्यतिथीचं बोलू. तुमचं पत्र मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही मोजायला बसलो. माझे यजमान, मुलगा, जावई, धाकटे दीर आणि त्यांचा मुलगा. पाच झाले. माझ्या त्या भावालाही फोन केला, तो लगेच हो म्हणाला. तुम्ही तिघे धरून नऊ. गेटवेवरून मांडव्याला बोटीनं येऊ, तिथून जीप करू. बायका आम्ही चौघी आहोत, मलिद्याचं सामान आम्ही आणतो, तुम्ही फक्त नारळ काढून ठेवा. तारीख शनिवारी येत नाही ना, तेवढं पंचांगात पाहा, म्हणजे प्रवास करता येईल.

आणि नातवाचं वय तुम्ही नुसतं 'लहान' असं लिहिलं आहे. इब्री पंचांगानं मोजून त्याला तोपर्यंत तेरा वर्षं पूर्ण होतात का, ते उलट टपालानं कळवा.